भांग, वेड आणि वय

१८९२ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत मिळून १,३४४ रोगी दाखल झाले. प्रत्येक रोग्याच्या नांवापुढें नोंदवहींत ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे. त्या वर्षीं २२२ नांवांपुढच्या रकान्यांत गांजा, भांग किंवा चरस यांपैकीं एखादा शब्द पडलेला होता. सहा वेड्यांमागें एक वेडा या एका झुडपानें केला, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता, आणि पुष्कळ सुशिक्षितांनीं तो तसाच घेतला. विलायतेंतील मद्यपाननिषेधाचे कट्टे पुरस्कर्ते विल्यम केन यांनीं १८९३ च्या मार्च महिन्यांत पार्लमेंटांत या विषयाला तोंड फोडलें, आणि जुलै महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें सात सभासदांचें एक कमिशन नेमलें.

गांजानें वेड लागतें काय, ही शंका त्याहून कितीतरी जुनी आहे. परंतु ती शिस्तीनें, साक्षीपुरावे घेऊन तपासली गेली ती या कमिशनाकडून. पुढील सव्वाशें वर्षांत हाच प्रश्न कैरो, जिनीव्हा, स्टॉकहोम, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या ठिकाणीं पुनःपुन्हां विचारला गेला, आणि विचारतां विचारतां त्याचें रूपच बदललें. १८९३ सालीं ‘वेड’ हा शब्द मध्यभागीं होता. आज तेथें ‘वय’ हा शब्द येऊन बसला आहे. प्रौढ माणसाला गांजा काय करतो यापेक्षां चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो काय करतो, हें विचारणें अधिक अगत्याचें आहे, ही गोष्ट ध्यानांत यावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

आपल्या देशांत ही वनस्पति कोणाला अपरिचित नव्हती. अथर्ववेदांत भंगा हें नांव आलें आहे; वैद्यकांत ती विजया या नांवानें वावरते. झाडाच्या पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा, आणि राळेसारखा चिकट रस गोळा केला म्हणजे तो चरस. पानांपेक्षां फुलोरा तेज आणि फुलोऱ्यापेक्षां राळ तेज, हा चढता क्रम पुढें उपयोगी पडणार असल्यामुळें येथेंच सांगून ठेवलेला बरा. महाशिवरात्रीला दुधांतून घेतलेली भांग आणि गोसाव्याच्या चिलमींतला गांजा यांकडे समाज एकाच नजरेनें पाहत नसे. पहिलीला सणाचें संरक्षण होतें, दुसऱ्याला वैराग्याचें. आणि ज्याला दोहोंपैकीं एकहि नव्हतें त्याला लोक गंजेकस म्हणून हिणवीत.

गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्त यानें भांगेवर एक प्रकरण लिहिलें आहे. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें मार्तिं आफोंसु द सोझ या पोर्तुगीज सरदाराला सांगितलेली गोष्ट त्यांत येते. रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्तान अथवा इराण पाहून यावेंसें वाटलें तर आपणांस थोडी भांग घेतली कीं पुरे, असें सुलतानानें त्याला सांगितलें. सोळाव्या शतकांतील हा एक मोकळा, निर्भय उल्लेख. नशेची भीति त्यांत नाहीं, कौतुकच आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ च्या सुमारास धनुर्वातावर आणि संधिवातावर, इतकेंच नव्हे तर तान्ह्या मुलाच्या आंकडीवरहि या वनस्पतीचा अर्क देऊन पाहिला, आणि तेथून तें औषध युरोपांत गेलें. पॅरिसमध्यें मोरो या मानसरोगतज्ज्ञानें १८४५ सालीं एक निराळाच विचार मांडला: हशीश घेतलेल्या शहाण्या माणसाच्या मनाची जी अवस्था होते ती आणि वेड्याच्या मनाची अवस्था या मुळांत एकच होत. कौतुकाच्या जागीं भीति आली ती या वळणावर.

आतां पुन्हां कमिशनाकडे वळूं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग हे पंजाबांतील मोठे मुलकी अधिकारी. मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी यांना घेतलें होतें. आणि तीन सभासद हिंदी होते. सत्तर प्रश्नांची यादी छापून ती प्रांतोप्रांतीं पाठविण्यांत आली. सभासदांनीं देशभर हिंडून १,१९३ साक्षीदारांचीं मतें घेतलीं. त्यांत कलेक्टर होते, डॉक्टर होते, वैद्य-हकीम होते, मिशनरी होते, गांजाची लागवड व विक्री करणारेहि होते. नगर जिल्ह्यांतील गांजाच्या शेतापासून हिमालयांतील चरसापर्यंत सर्व कांहीं त्यांच्या कक्षेंत होतें. परंतु त्यांच्या कामाचा जो भाग आजहि वाचनीय वाटतो तो शेतीचा नव्हे, जकातीचाहि नव्हे. तो आहे इस्पितळाच्या त्या रकान्याचा.

हा रकाना भरला कसा जाई? रस्त्यावर भटकणारा, असंबद्ध बडबडणारा मनुष्य पोलिसांना सांपडे. मॅजिस्ट्रेटपुढें नेऊन त्याला इस्पितळांत धाडावयाचें, तर त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र लागे आणि त्यांत वेडाचें कारण लिहिणें भाग असे. माणूस परक्या मुलखांतला. त्याचे नातलग कोठें आहेत तें ठाऊक नाहीं. आणि तो स्वतः तर शुद्धीवर नाहीं. अशा वेळीं पोलिस शिपाई विचारी, हा गांजा ओढतो काय? कोणी ‘हो’ म्हटलें कीं कारण सांपडलें. तेंच इस्पितळाचा कारकून नोंदवहींत उतरून घेई, सुपरिंटेंडेंट वर्षअखेरीस बेरीज करून वर पाठवी, आणि ती बेरीज कलकत्त्यास व लंडनास पोंचली म्हणजे तिला शास्त्रीय पुराव्याचें स्वरूप येई. कुलाब्याच्या इस्पितळापासून बंगालमधील डल्लंड्याच्या इस्पितळापर्यंत कारभाराची तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. एका शिपायाच्या तर्काचें चार कचेऱ्यांतून फिरतां फिरतां सत्य कसें बनतें, याचें इतकें चांगलें उदाहरण आपल्या शासनाच्या इतिहासांत क्वचितच मिळेल.

कमिशनानें मग जें केलें तें त्या काळाच्या मानानें धाडसाचें होतें. १८९२ सालचा एकेक रोगी त्यांनीं वेगळा काढला आणि तो जेथला होता तेथें चौकशी करविली: शेजारी काय म्हणतात, घरांत पूर्वी कोणी वेडें होतें काय, गांजा आधीं कीं वेड आधीं. या चाळणींतून २२२ पैकीं ९८ उरले. त्यांतहि ३७ जणांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं. निव्वळ गांजा-भांगेकडे बोट दाखवितां येईल असे ६१ निघाले. सहांत एक हें प्रमाण बाविसांत एकावर आलें. माकडांना धूर देऊन त्यांच्या मेंदूंत फरक पडतो काय, हाहि प्रयोग डॉक्टर कनिंगहॅम यांच्याकडून करविला गेला.

१८९४ च्या ऑगस्टमध्यें अहवाल सादर झाला. माफक सेवनानें मनाला अपाय होत नाहीं. अतिसेवन मात्र मन दुबळें करतें आणि त्यानें वेडहि लागूं शकतें. तथापि आजवर या संबंधाचा फार बाऊ करण्यांत आला आहे, असा त्याचा मथितार्थ. बंदी घालूं नये, कर बसवावा, लागवडीवर देखरेख ठेवावी, अशी शिफारस झाली. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनीं आपलीं भिन्न मतें स्वतंत्रपणें नोंदविलीं. परकी साहेबांनीं निर्दोष ठरविलेल्या गोष्टीला देशी सभासदांनीं हरकत घ्यावी, हें आजच्या वाचकाला जरा चमत्कारिक वाटेल. पण हे दोघे त्याच समाजांत राहणारे होते हें विसरतां कामा नये.

अहवालाची स्तुति आजवर पुष्कळांनीं केली आहे आणि ती वाजवी आहे. परंतु त्याच्या प्रश्नावलींत एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. मुलें हे पदार्थ सेवन करतात काय, हा प्रश्न तींत होता. मात्र तो कोठें होता? लोक एकट्यानें घेतात कीं मंडळींत, पुरुषच घेतात कीं स्त्रियाहि, अशा चालीरीतींच्या प्रश्नांच्या जोडीला. मनावर काय परिणाम होतो, बुद्धि मंद होते काय, वेड लागतें काय, हे प्रश्न पुढें निराळ्या कलमांत होते. हीं दोन कलमें एकत्र आणून, ज्यानें लहानपणीं सुरुवात केली त्याचें पुढें काय झालें, असें कोणी विचारलें नाहीं. दुसरी एक शंका मात्र त्यांनीं विचारली होती आणि ती फार मोलाची होती: ज्याचें मन आधींच दुबळें झालें आहे तोच या नशेकडे अधिक ओढला जातो, असें तर नाहीं ना? कारण कोणतें आणि कार्य कोणतें, हा तिढा १८९३ सालीं त्यांना दिसला होता. तो सोडविण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें.

साधन नसतां निकाल देण्याची घाई दुसऱ्यांनीं केली. कैरो येथील अब्बासिया इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर वॉर्नक यांनीं १९०३ सालीं हशीशजन्य वेडावर लेख लिहिला. पुढें १९२४-२५ सालीं जिनीव्हा येथें अफूविषयक परिषद भरली असतां ईजिप्तचे प्रतिनिधि एल् गिंदी यांनीं आपल्या देशांतील वेडाच्या रोग्यांपैकीं तीस ते साठ टक्के हशीशनें वेडे झालेले असतात, असें ठासून सांगितलें. इस्पितळाचा तोच रकाना, फक्त देश निराळा. या वेळीं मात्र तो तपासण्यास कोणी बसलें नाहीं. गांजा आंतरराष्ट्रीय करारांत आला आणि तो पुन्हां बाहेर गेला नाहीं. १८९४ चा सात खंडी अहवाल तोंवर कपाटांत धूळ खात पडला होता.

वेड्यांच्या इस्पितळांत बसून हा प्रश्न कां सुटत नाहीं, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. तेथें येणारा मनुष्य आधींच आजारी असतो. त्याच्या पूर्वायुष्याची हकीकत स्मरणानें सांगितली जाते, आणि स्मरण नेहमीं दोषी शोधीत असतें. उलट, जे गांजा ओढूनहि ठीक राहिले ते तेथें कधींच येत नाहींत. त्यांची मोजदाद होत नाहीं. खरा तपास करावयाचा तर माणसें आजारी पडण्यापूर्वींच मोजून ठेवावीं लागतात, आणि मग वर्षानुवर्षें थांबावें लागतें. इतका धीर आणि इतका पैसा कोणाजवळ असतो?

स्वीडनमध्यें तो योग जवळजवळ अपघातानें आला. तेथें सक्तीची लष्करभरती होती. १९६९-७० सालीं भरतीला आलेल्या अठरा ते वीस वर्षांच्या तरुणांना घरची स्थिति, शाळा, मित्र आणि मादक पदार्थ यांविषयीं प्रश्न विचारण्यांत आले होते. पुढें इस्पितळांच्या राष्ट्रीय नोंदींशीं हीं उत्तरें ताडून पाहतां आलीं. ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षांचा वृत्तान्त आंद्रेआसन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला. ज्यांनीं भरतीपूर्वीं पन्नासांहून अधिक वेळां गांजा घेतला होता त्यांच्यांत छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, न घेणारांच्या सहापट आढळली. घरची स्थिति, आधींचे मानसिक विकार वगैरे गोष्टी हिशेबांत धरल्यावर ही सहापट सुमारें सव्वादोनपटीवर उतरली. उतरली, पण नाहींशी झाली नाहीं. १८९२ च्या नोंदवहीला जें सांगतां येत नव्हतें तें येथें प्रथम दिसलें, तेंहि वीस वर्षांखालच्या मुलांत.

वयाचा धागा खरा उलगडला तो न्यूझीलंडमधील ड्युनेडिन या शहरीं. तेथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या १,०३७ मुलांना तिसऱ्या वर्षापासून ठराविक काळानें बोलावून त्यांची शरीरमनाची तपासणी करण्याचा उपक्रम चालू झाला. ती मुलें अकरा वर्षांचीं असतांनाच त्यांना नसते आवाज ऐकूं येतात काय, कोणी आपल्या मनांतले विचार ओळखतो असें वाटतें काय, हें विचारून ठेवलें होतें. त्यामुळें कमिशनाच्या त्या जुन्या शंकेला, मन आधीं दुबळें कीं गांजा आधीं, प्रथमच कांहीं उत्तर देण्याची सोय झाली. २००२ सालीं आर्सनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं निष्कर्ष दिले. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकीं दहा टक्क्यांना सव्विसाव्या वर्षीं छिन्नमनस्कतेसारखा विकार जडलेला होता; न घेणारांत हें प्रमाण तीन टक्के होतें. अठराव्या वर्षाच्या सुमारास सुरुवात करणारांना त्यामानानें धोका कमी दिसला. अकराव्या वर्षींचीं लक्षणें हिशेबांत घेतल्यावर पंधरा वर्षांच्या गटांतील धोकाहि कमी झाला. म्हणजे जुन्या शंकेंत तथ्य होतें, पण सारें तथ्य तिच्यांतच नव्हतें. येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. पंधरापर्यंत सुरुवात करणारीं मुलें होतीं अवघीं २९, आणि त्यांतील दहा टक्के म्हणजे तिघे. तिघांच्या दुर्दैवावर साऱ्या जगाचा सिद्धान्त उभारूं नये. तरीहि ज्या घरांतील तो तिघांपैकीं एक असेल त्या घराला आकड्याच्या लहानपणाचें समाधान काय होणार?

वेड हा शेवटचा, आणि सुदैवानें विरळा, परिणाम. बहुतेक मुलें त्या टोंकाला जात नाहींत. त्यांच्या घरचा प्रश्न अधिक साधा आणि अधिक नित्याचा असतो: परीक्षेची धास्ती, घरांतील कटकटी, झोप न येणें, मित्रांत आपली किंमत नाहीं असें वाटणें. अशा वेळीं कोणीतरी पुढें केलेली सिगारेट मुलाला ताणावरचा उपाय म्हणून भेटते. तो वेडा होण्यासाठीं ओढीत नाहीं, बरें वाटावें म्हणून ओढतो. तें बरें वाटणें खरें असतें काय आणि किती टिकतें, याचा शोध ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत घेतला गेला. चवेचाळीस शाळांतील चौदा-पंधरा वर्षांच्या १,६०१ मुलामुलींवर सात वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. २००२ सालीं पॅटन आणि इतरांनीं जें प्रसिद्ध केलें त्यांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. रोज गांजा घेणाऱ्या तरुण मुलींत पुढें खिन्नता व चिंता यांचें प्रमाण इतरांच्या पांचपटीहून अधिक होतें. आणि उलट बाजूनें पाहतां, ज्या मुलामुलींना आधींच खिन्नता वा चिंता होती तीं पुढें गांजाकडे विशेष वळलीं, असें दिसलें नाहीं. ताणामुळें नशा, हा जो घरोघरीं दिला जाणारा खुलासा आहे, त्याला निदान त्या प्रांतांत आधार मिळाला नाहीं.

२०१९ सालीं गॉबी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या देशांतील अकरा पाहण्या, मिळून तेवीस हजारांवर माणसें, एकत्र तोलल्या. अठराच्या आंत गांजा घेतलेल्यांत तरुणपणीं खिन्नतेचा विकार इतरांच्या सुमारें एक-तृतीयांशानें अधिक आढळला आणि आत्महत्येच्या विचारांचें प्रमाण दीडपट निघालें. चिंतेच्या विकाराबाबत मात्र खात्रीलायक फरक सांपडला नाहीं. एक-तृतीयांश म्हणजे फार नव्हे, असें कोणी म्हणेल. एका मुलाच्या दृष्टीनें तें खरेंच आहे. परंतु खिन्नता हा विकार मुळांतच इतका पसरलेला आहे कीं लाखो मुलांच्या देशांत तेवढ्या फरकानें हजारों घरें मोजावीं लागतात. दुसऱ्या बाजूनें, रक्तांतून आलेल्या कलाचा अभ्यास करणारांनीं २०१८ सालीं दाखविलें कीं छिन्नमनस्कतेकडे ज्यांचा आनुवंशिक कल असतो ते गांजाकडेहि अधिक झुकतात. १८९३ ची ती शंका अशी सव्वाशें वर्षांनीं, अंशतः कां होईना, खरी ठरली. वाट दोन्हीं बाजूंनीं चालती आहे.

असें कां होतें, याचें उत्तर ज्या शोधानें दिलें त्याचें नांव संस्कृत आहे. इस्राएलमधील रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशूलम यांनीं गाओनी यांच्यासह १९६४ सालीं गांजांतील मुख्य मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. १९८८ सालीं मेंदूंतील ज्या जागीं हें द्रव्य जाऊन चिकटतें ती जागा सांपडली. झाडाच्या रसासाठीं मेंदूनें कुलूप बनवून ठेवलें असेल हें संभवत नाहीं. तेव्हां शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे. ती १९९२ सालीं मिळाली, आणि तिला मेशूलम यांच्या प्रयोगशाळेनें ‘आनंद’ या शब्दावरून आनंदमाइड हें नांव दिलें. संकटाच्या वेळीं पेटलेली घबराट काम झाल्यावर शमवावी, हें या अंतर्गत व्यवस्थेचें एक मोठें कार्य होय. पौगंडावस्थेंत हीच व्यवस्था मेंदूच्या घडणींतहि भाग घेते: कोणत्या जोडण्या ठेवावयाच्या, कोणत्या छाटावयाच्या, हें त्या वयांत ठरत असतें, आणि कपाळामागील जो भाग विवेक व संयम सांभाळतो त्याची घडण विशी उलटल्यावरहि चालू असते. जनावरांवरील प्रयोगांत दिसलें कीं वाढत्या वयांत बाहेरून हें द्रव्य वारंवार दिलें असतां जे फेरफार होतात ते पुरत्या वाढलेल्या जनावरांत तितके होत नाहींत. बहादुरशहा रात्रीं ब्राझील पाहून सकाळीं परत येई. त्याच्या मेंदूचें बांधकाम तोंवर पुरें झालेलें होतें.

ताण आणि मात्रा यांचें नातेंहि सरळ नाहीं. शिकागो येथें २०१७ सालीं ४२ निरोगी प्रौढांना निरनिराळ्या मात्रा देऊन मग परक्या लोकांपुढें बोलावयास लावलें. साडेसात मिलिग्रॅम द्रव्य घेतलेल्यांची घबराट कमी झाली. साडेबारा मिलिग्रॅम घेतलेल्यांना उलट अधिक अस्वस्थ वाटलें. एवढ्याशा अंतरांत औषधाचें विष होतें, आणि चोरून घेतलेल्या पुडीवर मात्रा छापलेली नसते. शिवाय रोजच्या सेवनानंतर तें थांबविलें तर पहिल्या आठवड्यांत चिडचिड, निद्रानाश, अस्वस्थता सुरू होते. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं हा विकार आपल्या अधिकृत यादींत घातला. मुलाला याचा उलटा अर्थ लागतो: ‘बघा, ओढलें नाहीं कीं मला ताण येतो.’ जो ताण सोडण्यानें आलेला असतो तोच घेण्याचें कारण बनतो. आणि बाहेरून पाहणाऱ्या आईबापांनाहि मूळचा ताण कोणता आणि मागून आलेला कोणता हें ओळखतां येत नाहीं.

पदार्थहि तोच राहिलेला नाहीं. अमेरिकेंत जप्त केलेल्या मालांत मादक द्रव्याचें प्रमाण १९९५ सालीं सुमारें चार टक्के होतें, तें २०१४ सालीं बाराच्या आसपास गेलें. युरोपांतील व ब्राझीलमधील अकरा ठिकाणच्या पाहणींत, २०१९ सालीं, दहा टक्क्यांहून तेज माल रोज घेणारांत भ्रमिष्टपणाचा संभव न घेणारांच्या जवळजवळ पांचपट आढळला. कमिशनानें ‘माफक सेवन’ निर्धोक ठरविलें तेव्हां त्याच्यापुढें मुख्यतः भांगेचा पेला आणि प्रौढ माणसाची चिलीम होती. तो निर्णय उचलून आजच्या शाळकरी मुलाच्या खिशांतील तेज मालाला लावणें, म्हणजे ताकाचा नियम दारूला लावणें होय. शंकराचा प्रसाद, त्यानें काय होतें, असें म्हणणारे वडीलधारे आणि एका झुरक्यांत मुलगा वेडा होणार असें म्हणणारे वडीलधारे, दोघेहि जुनींच उत्तरें देत असतात. पहिल्यांचें उत्तर दुसऱ्याच पदार्थाविषयीं आहे. दुसऱ्यांचें त्या इस्पितळाच्या रकान्यांतून आलेलें आहे. आणि मुलाला दुसरें उत्तर खोटें असल्याचें आठवड्याभरांत अनुभवानें कळतें. मग तो वडिलांच्या खऱ्या इशाऱ्यावरहि विश्वास ठेवीत नाहीं.

कायद्यानें आपली रेघ निरनिराळ्या ठिकाणीं ओढली. भारतांत १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें फुलोरा आणि राळ गुन्ह्यांत घातलीं, नुसतें पान मात्र व्याख्येबाहेर ठेवलें. म्हणजे रेघ झाडाच्या अवयवांवरून गेली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें वयावरूनहि एक रेघ ओढली: डॉक्टरच्या आज्ञेवांचून अठराच्या आंतील मुलाला मादक पदार्थ देणाराला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. २०१८ सालीं देशभर झालेल्या सरकारी पाहणीचा अंदाज असा होता कीं दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं ०.९ टक्के, म्हणजे सुमारें वीस लाख, भांग, गांजा किंवा चरस घेतात.

कॅनडानें १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं गांजाची विक्री खुली केली तेव्हां किमान वय कोणतें असावें यावर बराच खल झाला. मेंदूच्या घडणीकडे बोट दाखवून पंचवीस वर्षांची मर्यादा सुचविणारे होते. पण मर्यादा फार वर नेली तर मुलें चोरट्या बाजारांतच राहतील आणि तेथें माल किती तेज आहे तें कोणीच पाहणार नाहीं, असें दुसऱ्यांचें म्हणणें पडलें. शेवटीं अठरा ठरलें, आणि बहुतेक प्रांतांनीं तें एकोणीस केलें. क्वीबेक प्रांतानें अठरांपासून सुरुवात केली होती. १ जानेवारी २०२० पासून त्यानें तें एकवीस केलें.